अकरा फुटी हार आणि इतिहासाचा पेपर

आमच्या घरात राज्यकर्ते फुटांत मोजले जात. नगरसेवक पाच फूट, आमदार सात, मंत्री अकरा. मखमलाबादच्या बाजूला आमची फुलशेती होती आणि सराफ बाजारातल्या फूलबाजारात बसायला एक ओटा. शेत आणि बाजार दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बघायचा. हार वहिनी ओवायच्या. मी धाकटा. शिकलो आणि शहरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो. घरचे लोक सत्तेच्या गळ्यात घालायला हार करत होते आणि ती सत्ता पुढे हातची का गेली हे सांगण्याचा पगार मला मिळत होता.

सत्ता इतक्या जवळून बघितल्यामुळे तिचा आम्हाला फारसा धाक नव्हता. अकरा फुटी हाराला चार पाट्या झेंडू लागतो. पाहुण्याच्या गळ्यात तो फोटो निघेपर्यंत राहतो. मग मान वाकते, हार मागच्या माणसाच्या हातात जातो आणि तिथून टेबलाखाली. संध्याकाळी कुणीतरी तोच हार बाजारात आणून "आत्ताच ओवलाय" म्हणून विकायला बघतो. दादाला तो दाखवणारे फसायचे, कारण वहिनींची गाठ तो लांबून ओळखायचा.

वहिनी दिंडोरीकडच्या. नववी झाली आणि लग्न झालं. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत वहिनी आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पहाटे फुलं, दहा वाजता पोरं गोळा करणं, त्यांची नाकं पुसणं, खिचडी शिजवणं. तिथल्या सेविकाबाई वर्षअखेरीस निवृत्त होणार होत्या. त्या जागेला दहावी लागत होती. कार्यालयातल्या बाईंनी वहिनींना स्पष्ट सांगितलं होतं, "पास होऊन या, तुमचा अर्ज पहिला घेते. नापास झालात तर मला बाहेरची बाई घ्यावी लागेल." वहिनींनी बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मार्चमध्ये परीक्षेला बसल्या. गणित सुटलं. इंग्रजीसुद्धा सुटलं, ज्याची कुणालाच खात्री नव्हती. अडकला तो फक्त इतिहासाचा पेपर.

घरात इतिहासाचा प्राध्यापक असताना.

"लोकांची पोरं पास करतोय," आई मला जेवायला वाढताना म्हणाली, "घरातली एक नाय झाली."

दोष माझाच होता. मी त्यांना मुद्दे दिले होते. महायुद्धाची कारणं पाच, परिणाम सहा, तहाच्या अटी सात. वहिनींनी ते पाठ केले आणि पेपरात महायुद्धाचे परिणाम लिहिले सात, तहाच्या अटी पाच. ऑक्टोबरची परीक्षा ही जागा भरण्याआधीची शेवटची संधी होती.

या वेळी मुद्द्यांची वही वहिनींनीच बाजूला ठेवली. त्या फुलं ओवत बसायच्या, मी समोर पुस्तक घेऊन.

"वाचू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगा, याला हार कुणी घातला आणि उतरवला कुणी."

"वहिनी, इतिहास असा नसतो."

"मग कसा असतो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की पंधरा वर्षं शिकवूनही माझ्याजवळ याहून बरी व्याख्या नाही.

रशियाच्या झारपासून सुरुवात केली. त्यानं रेल्वेच्या डब्यात बसून गादी सोडली, हे त्यांना फार आवडलं.

"स्वतःच्याच गाडीत?"

"स्वतःच्याच गाडीत."

"आणि उतरवला कुणी?"

"आधी पावासाठी रांगा लावून थकलेल्या बायका रस्त्यावर आल्या. गिरणीतल्या. मग कामगार, मग सैनिक."

त्यांचा हात थांबला. "हे मार्चला नाय सांगितलं तुम्ही."

"पुस्तकात एकाच ओळीत आहे ते."

"मग ती ओळ आधी सांगायची ना! राजाचं नाव पाठ करायला लावलं आठ दिवस."

पुढे त्या देशाचं काय झालं, हेही विचारून झालं. क्रांतीनंतर आजूबाजूचे मुलूख जोडून जो एक देश झाला, तो आता नाही, चार-पाच वर्षांपूर्वीच फुटला, असं मी सांगितलं. वहिनींनी पुस्तकातला नकाशा उघडला. त्यात तो देश अजून सगळ्यांत मोठा होता.

"मग पेपरात काय लिहायचं? आहे का नाय?"

"पेपरापुरता आहे."

"पेपरापुरते तर आमच्याकडं लय पुढारी असतात," दादा दारातून म्हणाला. तो बाजारातून नुकताच आला होता आणि त्याला भूक लागली होती.

असे राजे, सम्राट, हुकूमशहा एकेक करून झेंडूच्या ढिगाशेजारून गेले. ऑस्ट्रियाच्या युवराजाबद्दल वहिनींना वाईट वाटलं, जर्मनीच्या कैसराबद्दल अजिबात नाही. "लोकांना मरायला लावून स्वतः हॉलंडला पळाला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं फूल घेतलं. आणि मग आम्ही व्हर्सायच्या तहाशी आलो. मार्चच्या पेपरात त्यांचं नेमकं तेच हुकलं होतं.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. मतमोजणीच्या दिवशी दोन्ही बाजू हार सांगून ठेवतात, कारण दोघांनाही आपणच निवडून येणार याची खात्री असते. आम्ही दोन्ही हार सारखे करायचो आणि कुठल्याच हाराला रंगाची फीत लावायचो नाही. निकाल लागला की जिंकलेले वाजतगाजत येऊन एक हार नेत. दुसरा तसाच टांगलेला राही. बाजारात बाकीचे फूलवाले तो दुसराही जिंकलेल्यांच्याच गळ्यात घालत. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून तसं करायचं नाही असं होतं. वडील गेल्यावर ते वहिनींनी चालवलं. हरलेल्याचा हार सोडवायचा, फुलं मोकळी करायची आणि देवळात पाठवायची. एकदा एका विजयी उमेदवाराची माणसं मुद्दाम तोच हार मागायला आली. "त्यांचा हार आमच्या साहेबांना घालायचाय," म्हणत होती, हसत होती. वहिनी त्यांच्यासमोर सुई बाजूला ठेवून उठल्या आणि त्यांनी हाताने दोरा तोडला. झेंडू ओट्यावरून खाली रस्त्यावर गेला.

"परवा तुम्ही दोघं एकाच पारावर बसणार," त्या म्हणाल्या. "मला दोघांनाही फुलं विकायची हायेत."

तर, व्हर्साय. मी सांगितलं की तिथल्या आरसेमहालात जर्मनांनी तहाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी, फ्रान्सला हरवल्यावर, आपला सम्राट जाहीर केला होता. आणि महायुद्ध हरल्यावर त्याच महालात जर्मनांना बोलावून तहावर सही घेतली.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"त्याच खोलीत?"

"त्याच."

"म्हणजे मुद्दाम. मग तो परत येणारच. वीस वर्षं तरी थांबला का?"

"बरोबर वीस."

सात अटी त्यांनी नंतर अर्ध्या तासात पाठ केल्या. प्रत्येक अट कशासाठी घातली हे कळल्यावर पाठ करायला काही उरलंच नव्हतं.

पेपर अकरा वाजता होता, पंचवटीतल्या एका शाळेत. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. पेपरच्या दोन दिवस आधी दादा आनंदात घरी आला. पिंपळगाव बसवंतला एका शीतगृहाचं उद्घाटन होतं. पाहुणे अकरा फुटी होते.

"कधी?" वहिनींनी विचारलं.

दादानं तारीख सांगितली.

"माझा पेपर कधी हाय?"

दादा माझ्याकडे बघू लागला. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मला काय विचारता, मला वाचता येत नाय."

"आता साहेबांनी तारीख दिलीय," दादा म्हणाला.

"मलापण बोर्डानं दिलीय," वहिनी म्हणाल्या.

पण त्या ओवायला बसल्या. पेपरच्या दिवशी उजाडताच पाट्या पुढे ओढल्या आणि सुई चालू झाली. मी समोर बसून प्रश्न विचारत होतो, त्या उत्तरं देत होत्या, मान वर न करता. सहा फूट झाले तेव्हा नऊ वाजले होते. वहिनी उठल्या. हात धुतले, साडी बदलली, प्रवेशपत्र पिशवीत घातलं.

"उरलेला?" दादा म्हणाला.

"पाच फूट हाय. भाऊजींना सांगा. मी त्यांचं काम करायला निघालेय, त्यांनी माझं करावं."

दादानं त्यांना स्कूटरवर नेलं. मी आणि आई बसलो. मी लहानपणी हार ओवले होते, पण त्याला फार वर्षं झाली होती. झेंडू एकतर देठातून फाटायचा किंवा वाकडा बसायचा. आई माझ्या हातातली फुलं काढून घ्यायची आणि पुन्हा घालायची. "तुझ्या राजांना कुणी हार घातले असतील, त्यांना काय त्रास झाला असंल," ती म्हणाली. टेम्पो आला तेव्हा हार पूर्ण झाला होता, पण त्याची एक बाजू गुबगुबीत होती आणि दुसरी आजारातून उठल्यासारखी.

तो हार घेऊन मी स्वतः पिंपळगावला गेलो, कारण काही बोलणी बसली तर ती मला बसावीत. कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत टेम्पो मांडवाशी पोचला. तीन तास उशिरा पाहुणे आले. आठ जणांनी हार उचलला, पाहुण्यांनी मान आत घातली, फोटो निघाला आणि हार टेबलाखाली गेला. तो वाकडा आहे, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. अकरा फुटांतले पाच फूट मी ओवले, हे भाषणात आलं नाही, आणि तेवढ्यापुरता मी सभेचा आभारी होतो.

परत आलो तेव्हा वहिनी फुलांना पाणी मारत होत्या.

"कसा गेला?"

"तह आला होता. दुसऱ्या महायुद्धाचं कारण कसा झाला ते लिहा म्हणून."

"मग? लिहिल्या सात अटी?"

"पाच लिहिल्या. मग लिहिलं की हरलेल्याचा हार जिंकलेल्याच्या गळ्यात घालू नये."

मी पाण्याच्या नळीवर पाय देऊन उभा होतो, ते माझ्या ध्यानात नव्हतं.

"हार? वहिनी, तुम्ही बोर्डाच्या पेपरात हार लिहिला?"

"दीड पान. पाय काढा, पाणी येत नाय."

पुढचे दोन महिने मी परीक्षकाचा विचार करत होतो. मी स्वतः उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एका गठ्ठ्यात किती वह्या असतात आणि एका वहीला किती मिनिटं मिळतात, हे मला ठाऊक होतं. परीक्षक मुद्दे शोधतो. अधोरेखित शब्द नसले की त्याचा हात आपोआप शून्याकडे जातो. कुठल्यातरी गावातल्या शाळेत, दिवाळीच्या सुटीत, घरच्यांनी फराळाला बोलावलेलं असताना एक वैतागलेला मास्तर झेंडूच्या हारावरचं दीड पान वाचणार होता, आणि त्याच्यावर एका बाईची नोकरी अवलंबून होती. मी हे वहिनींना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या पोरांना खिचडी वाढत होत्या आणि सेविकाबाई जायची तयारी करत होत्या.

निकाल आणायला मी शाळेत गेलो. वहिनींना मुद्दाम नेलं नाही. नापास असत्या तर ते घरी सांगायची मला थोडी तयारी करायची होती. क्लार्कनं यादीवर बोट फिरवलं आणि गुणपत्रिका पुढे सरकवली. इतिहासात पास. काठावर नव्हे, चांगल्या पास. त्या अनोळखी मास्तरानं दीड पान वाचलं होतं. त्यासाठी त्यानं चहा थंड होऊ दिला असेल, असं मला अजूनही वाटतं.

वहिनींनी गुणपत्रिका बघितली, पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात एकट्या गेल्या. "तुम्ही नका येऊ," मला म्हणाल्या, "तुम्ही आलात की मुद्दे काढता." जानेवारीत त्या सेविका झाल्या. पुढच्या दशकभरात गावातलं एकही पोर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय शाळेत गेलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयात पेढे नेले. शिक्षकखोलीत त्या आठवड्यात एकाच्या मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, आणि त्या विद्यापीठाची इमारत किती जुनी आहे यावर चर्चा चालू होती. मी पेढे पुढे केले.

"कुणाचे?" त्या मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"वहिनी पास झाल्या."

"वा! पीएच.डी. का?"

"दहावी," मी म्हणालो. "इतिहास घेऊन." आणि मी खोका पुन्हा पहिल्यापासून फिरवला.