चार सक अठ्ठावीस

चहा घेत घेत ऐका. मध्ये हसू नका, हसायचं ते शेवटी एकदमच हसा. कारण ही फजिती कुणी माझ्यावर आणली नव्हती. मीच डोक्यावर पाटी घेऊन, आपल्या पायांनी चालत जाऊन ती करून आलो होतो.

सत्तर सालानंतरचं एखादं वर्ष धरा. सोनईच्या बाजारात माझा लिंबांचा धंदा. शाळा चौथीत सुटली, पण पावकी, निमकी, दिडकी सगळं तोंडपाठ. त्यामुळे गणित आपल्याला येतं, असा माझा पक्का समज.

तेव्हा तिसरीच्या वर्गावर वामन गुरुजी नवीन आले होते. तरणा माणूस, पण शिकवायचा असा की आमची लेक कमल रविवारीही दप्तर घेऊन शाळेला निघायची. नेमणूक मात्र हंगामी. तपासणीला साहेब येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तर गुरुजी सोनईत राहणार, नाहीतर धाडतील तिकडे जाणार.

तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजी दुकानी आले. "अण्णा, उद्यापुरती पाटीभर लिंबं द्याल का? नव्या पुस्तकात गुणाकाराचे गुणधर्म आलेत. चार सक चोवीस आणि सहा चोक चोवीस पोरांना पाठ आहे. पण दोन्ही सारखे का, ते डोळ्यांनी दाखवायचंय."

"एवढंच ना? मग मीच येऊन दाखवतो की."

"नको, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास कसला? आमचं रोजचं काम ते. साहेबांनाही कळू द्या, सोनईत काय माणसं आहेत."

गुरुजींना नाही म्हणता येईना. वयाचा मान हो, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत, गुरुजी दाराशी, आणि मी वर्गात मधोमध पोतं अंथरून बसलेला.

"पोरांनो, सहा-सहा लिंबांचे चार वाटे करायचे. मोजा माझ्याबरोबर. लाभ, दोन, तीन..."

बाजारात पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. साहेबांची भुवई तिथेच वर गेली, पण मी रंगात आलो होतो. चार वाटे झाले. शेजारी चार-चार लिंबांचे सहा वाटे केले.

"आता दोन्हीकडची लिंबं मोजा. इकडे चोवीस, तिकडे चोवीस. हाच तो गुणधर्म," मी साहेबांकडे बघत म्हणालो.

कमलनं इकडची मोजली. "अण्णा, अठ्ठावीस हायेत."

"नीट मोज."

"नीटच मोजली."

दुसऱ्या बाजूनं गवळ्याचा बाळ्या म्हणाला, "हितं तर तीस हायेत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे सोनईत चार सक अठ्ठावीस, आणि सहा चोक तीस?"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मी पोरांवरच घसरलो. "पोरांनी खोडी काढलीय साहेब. खिशातली लिंबं बाहेर काढा रे."

खिशांतून गोट्या निघाल्या, चिंचा निघाल्या. लिंबू एक निघेल तर शपथ. सगळी लिंबं पाटीत ओतली, पुन्हा वाटे केले, पहिल्यापेक्षा मोठ्यानं मोजले. पुन्हा अठ्ठावीस. पुन्हा तीस.

मग कमल हळूच म्हणाली, "अण्णा, मोजून झालं की तुमी वर एक टाकताय. गिऱ्हाइकाला टाकता तसं."

वाटा पुरा झाला की वर एक लिंबू टाकायचं, ही आमची रीत. वाटा केवढाही असो, वर एक. इतकी वर्षं टाकतोय की तोंड मोजायचं थांबतं, पण हात थांबत नाही. चार वाट्यांवर चार पडली, सहा वाट्यांवर सहा. गुणाकारानं बिचाऱ्यानं काय करावं?

साहेबांनी मला सावरून घेतलं. "राहू द्या. आपण शून्याचं बघू. मुलांनो, एका वाट्यात शून्य लिंबं, असे पाच वाटे. एकूण किती?"

"पाच," बाळ्या म्हणाला.

"कशी रे?"

"अण्णा वर एकेक टाकणारच की."

अख्खा वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं.

तेव्हा गुरुजी पुढे झाले. चारही वाट्यांतलं वरचं एकेक लिंबू उचलून त्यांनी माझ्या हातात दिलं. "ही अण्णांची. गणितातली नाहीत." उरलेली चोवीस त्यांनी फरशीवर सहा-सहाच्या रांगांनी मांडली. "इकडून बघा. किती रांगा?"

"चार."

"आता सगळे उठा, खिडकीकडून बघा."

"सहा. चार-चारच्या."

"कुणी लिंबू टाकलं? उचललं?"

"न्हाई गुरुजी," बाळ्या म्हणाला. "लिंबं हायेत तिथंच हायेत. आमीच फिरलो."

साहेबांचं पेन चालू लागलं, आणि गुरुजी सोनईचे झाले. मी आपली चार लिंबं घेऊन मागच्या दारानं निघालो.

महिन्याभरात गुरुजींनी बिऱ्हाड आणलं. त्यांच्या मंडळी बाजारात आल्या, तशी मी दुसरी गिऱ्हाइकं सोडून विचारलं, "काय देऊ बाई?"

"सहा लिंबं द्या. पण एका वाट्यात एकच लिंबू, असे सहा वाटे करून."

रीत म्हणजे रीत. सहा वाट्यांवर सहा टाकली, पिशवीत बारा गेली. मान वर करतो तो मागे बायकांची ही रांग, आणि प्रत्येकीला एकेकाचाच वाटा हवा.

"अहो बाई, हे गुरुजींनी शिकवलं होय तुम्हाला?"

"छे हो, अण्णा," पिशवी सावरत त्या म्हणाल्या. "ह्यांनी रांगा शिकवल्या. वाटे तर तुम्हीच शिकवलेत."