मूठ पोचनी का?

सकाळी केळीच्या बागेत खताच्या टाकीशी उभा होतो. मोबाइलवर नंदाचा नंबर दिसला आणि मी नेहमीसारखं विचारलं, "मूठ पोचनी का?" पलीकडे तिची सहकारी होती. इंग्रजीत, हळू बोलली... माझी धाकटी बहीण गेली, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणा नदीच्या काठी. समुद्र कुठल्या कुठे! इथली पोरगी जपानकडे जाऊन समुद्राचं पाणी तपासते याचं लोकांना भारी नवल. मलाही आधी काही उमजायचं नाही. एकदा सुट्टीत आली, तेव्हा बांधावर बसून तिनं समजावलं. दोन देशांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून समुद्र वाहतो, तिला सामुद्रधुनी म्हणतात. त्या पाण्यात नत्र किती, स्फुरद किती, हे ती मोजायची. समुद्रातल्या बारीक वनस्पतींना साधारण सोळाला एक असं प्रमाण लागतं. पण शेतांतलं उरलेलं खत नद्यांतून येतं, नत्र वाढतं, स्फुरद तेवढं वाढत नाही, आणि सगळं गणित बिघडतं. मी म्हटलं, म्हणजे तिकडेही युरियाचीच बोंब! खूप हसली. म्हणाली, "तू मूठभर जास्ती टाका ना भाऊ, तरी माले तठे समजी जाई. समुद्र बठ्ठा एकच शे." म्हणजे मी इथे मूठभर जास्त टाकली तरी तिला तिकडे कळेल, सगळा समुद्र एकच.

तेव्हापासून खत कालवताना मी एक मूठ जास्तीची टाकायचो आणि तिला फोन लावायचो. कामात असली तरी उचलायची, "पोचनी" म्हणायची, मग घरच्या गप्पा. गिरणेकाठची मूठ तिच्यापर्यंत काही पोचत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. फोनला निमित्त हवं होतं, एवढंच.

तिच्या इच्छेप्रमाणे रक्षा तिकडे सामुद्रधुनीत सोडली. थोडी इकडे आली... मूठभरच. ती मी गिरणेत सोडली. फार आठवण येते हो तिची.

अजूनही खत कालवताना हात आपोआप पोत्यात जातो. बागेला ती मूठ नको असते, नंदाच रागावली असती. पण परत पोत्यात टाकायला हात वळत नाही. परवा तशीच धरून बराच वेळ उभा राहिलो. फोन खिशातच होता... शेवटी टाकली. इतकी वर्षं ती नुसतं म्हणायची, पोचनी. आता ती स्वतःच त्या पाण्यात आहे. आता पोचत असेल.