ईनबाईच्या कुरुपाला बिबा

केशोरीत कोणाच्या पायात काटा मोडला किंवा टाच उलली, की तो आधी कुसुमबाई शहारेच्या ओसरीवर येई आणि मग दवाखान्याचं नाव काढी. दवाखाना काही लांब नव्हता, पण तिथं रांग होती आणि इथं चहा. धानाच्या रोवणीच्या हंगामात बाया दिवसभर चिखलात उभ्या राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. त्यावर कुसुमबाई वाटलेली मेंदी लिंपून देई आणि वर दमही देई, की घरी जाऊन पाय कोरडे ठेव, नाही तर उगाच माझ्या मेंदीचं नाव खराब करशील. हिवाळ्यातल्या भेगांना मेण आणि करंजीचं तेल. सकाळी खाटेवरून उतरताना टाच टेकवत नाही म्हणणाऱ्याला रुईच्या गरम पानाचा शेक. आणि कुरूप असलं, की बिबा.

तिचा नवरा भोजराज थट्टेनं म्हणे, लोक दुसऱ्याच्या कामात बिबा घालतात, आमची बाई पायात घालते. कुसुमबाईला ते आवडायचं. बिबा म्हणजे जंगलातून आणलेलं काळं, टणक बी. सुईला टोचून दिव्यावर धरलं, की त्यातून काळं तेल चुरचुरत बाहेर येतं. ते कढत असतानाच कुरुपावर टेकवायचं. कुरूप म्हणजे तळव्यात घट्ट बसलेलं मेलेलं कातडं, चालताना खडा रुतल्यासारखं टोचणारं. चटका त्या मेलेल्या थरातून खाली जित्या मांसाला पोचला, की माणूस ‘अगे माय’ म्हणून पाय ओढतो. तिथं थांबायचं. कुसुमबाईच्या सासूनं तिला घड्याळ, माप काही शिकवलं नव्हतं. ज्याचा पाय आहे तो ओरडला की पुरे, एवढंच शिकवलं होतं. या एका शिकवणीवर कुसुमबाईनं निम्म्या गावाचे पाय बरे केले होते.

तिची मुलगी खुशबू गोंदियाला दिली होती. जावई बंटी राईस मिलमध्ये कामाला, स्वभावानं गरीब. घरात चालायचं ते त्याच्या आईचं, पुस्तकलाबाई बोरकरचं. पुस्तकलाबाई शहरात वाढलेली, निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी बोलणारी, ताठ मानेची बाई. केशोरीला आली की पाण्याची बाटली घरून आणायची. हातपंपाचं पाणी तिला ‘सूट’ होत नसे. एकदा तर भरल्या पंगतीत म्हणाली होती, पोरगी चांगली आहे, पण चहा करायचं बी घरून शिकून नाही आली. कुसुमबाई त्या दिवशी हसली होती. विहिणीशी, म्हणजे तिकडच्या बोलीत ईनबाईशी, वाकडं घेऊन मुलीचं घर कसं नीट राहील? पण तो घोट तिच्या घशाखाली उतरला नव्हता, तिथंच अडकून बसला होता.

दिवाळीनंतर केशोरीची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली. मंडईला झाडीपट्टीत घरोघर पाहुणे येतात, तसे गोंदियाचेही आले. दुपारी ओसरीवर चार बाया जमल्या होत्या. शेजारची नवी सून रुची पायातला काटा काढून घ्यायला बसली आणि सुई लागण्याआधीच तिनं असा गळा काढला की सगळ्या हसल्या. पुस्तकलाबाईही हसली. मग आपला उजवा पाय पुढे करून म्हणाली, माझ्या करंगळीखाली कुरूप आहे, पाहा तुमच्या बिब्यानं जाते का. गावच्या इलाजावर तिचा विश्वास नव्हता, पण चार बायांसमोर आपण रुचीसारख्या नाही हे दाखवायची हौस मात्र होती.

कुसुमबाईनं तो पाय मांडीवर घेतला. गोरा, जपलेला पाय. तिनं विचारलं, पहिले कधी बिबा लावला होता काय, उतून अंगावर फोड तर येत नाहीत ना? पुस्तकलाबाई म्हणाली, कुछ नहीं होता, लावा. पहिला चटका दिला. पुस्तकलाबाई गोंदियाच्या बाजारातल्या साड्यांचं सांगत होती, सांगतच राहिली. दुसरा दिला, तरी तेच. एक बाई म्हणाली, ईनबाई पक्क्या आहेत, आपल्यासारख्या नाहीत. ते ऐकलं आणि कुसुमबाईच्या आत काहीतरी वाकडं झालं. तिनं नवा बिबा घेतला, चांगला तापवला, कुरुपावर टेकवला आणि टेकवूनच ठेवला. एकदा तरी ‘आई गं’ म्हणेल, एकदा तरी या ताठ बाईचं तोंड वाकडं होईल, याची ती वाट पाहत राहिली. कातडं जळाल्याचा वास आला. तो तिला चांगला ओळखू आला. तरी तिनं हात उचलला नाही. पुस्तकलाबाई साड्यांवरून बांगड्यांवर आली होती.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. इथं पुस्तकलाबाईचं जळत होतं आणि तिलाच कळत नव्हतं.

पाहुणे परत गेले आणि काही दिवसांनी खुशबूचा फोन आला. सासूबाईंचा पाय सुजला होता, करंगळीखाली काळं पडून पू येत होता आणि अंगात ताप होता. खुशबूनं मग रडत रडत सांगितलं, की त्यांना कितीतरी वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या कधी घेतात, कधी नाही. चप्पल पायातून निसटून मागं राहते तरी त्यांना पत्ता लागत नाही. माहेरी हे काही सांगायचं नाही अशी त्यांची ताकीद होती, कारण विहिणीपुढं आजारी दिसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. कुसुमबाईला एवढंच उमगलं, की त्या दिवशी ती बाई हट्टानं गप्प बसली नव्हती. त्या पायाला काही वाटतच नव्हतं.

ती मिळेल त्या गाडीनं गोंदियाला पोचली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पुस्तकलाबाईला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या धाग्यानं तळव्याला ठिकठिकाणी स्पर्श करून प्रत्येक वेळी विचारलं, कळतंय का? पुस्तकलाबाई एकदाही हो म्हणाली नाही. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, शुगरनं पायाच्या नसा मेल्या आहेत, आता त्या परत येतील असं धरून चालू नका. मग तिनं जखम पाहून विचारलं, हे भाजलं कसं, कोणी केलं? कुसुमबाई उत्तर जुळवते आहे तोवर पुस्तकलाबाई खाटेवरून म्हणाली, मीच केलं, घरी, बिब्यानं. डॉक्टरीणबाई तिलाच रागावली. सरकारी दवाखान्याच्या त्या भिंतीला टेकून कुसुमबाई ते रागावणं ऐकत राहिली आणि तोंड उघडलं नाही.

सडणं हाडापर्यंत गेलं होतं. करंगळी काढावी लागली, आणि तिच्या शेजारचं बोटही. पाय राहतो की जातो हे अजून सांगता येत नव्हतं. शुगर खाली राहिली, जखमेवर भार पडला नाही आणि रोजची पट्टी नीट झाली, तर राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. नाही तर गुडघ्याखाली कापावं लागेल.

कुसुमबाई केशोरीला परतली नाही. भोजराजला फोन करून सांगितलं, तुमचा स्वयंपाक तुम्ही पाहा. ती मुलीच्या सासरी ठाण मांडून बसली. आपल्याकडे मुलीच्या घरचं पाणीसुद्धा जपून पितात, पण तिला आता कोण काय म्हणेल याची पर्वा उरली नव्हती. दवाखान्यातल्या नर्सबाईकडून ती पट्टी बांधायला शिकली. आधी हात साबणानं धुवायचे. जखम सलाइनच्या पाण्यानं पुसायची. उरलेल्या बोटांच्या बेचक्यांत ओल ठेवायची नाही. पाणी गरम आहे का ते रोग्याच्या पायाला विचारायचं नाही, आपल्या कोपरानं पाहायचं. दुसऱ्या पायाचा तळवाही रोज न्याहाळायचा, कारण तोही तितकाच मुका. कुरुपाला ब्लेड नाही, दुकानातली औषधाची पट्टी नाही, आणि बिबा तर नाहीच नाही. हे सगळं ती इतक्या निगुतीनं करी, की नर्सबाईनं दुसऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांना तिच्याकडे बोट दाखवून शिकवलं.

जखम भरू लागली. तळाशी लाल मांस दिसू लागलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाली, आता पाय वाचला म्हणायला हरकत नाही. घरात आनंद झाला, आणि कुसुमबाईचे खरे हाल तिथून सुरू झाले. बंटी तिच्या पाया पडला. शेजारणी म्हणाल्या, सख्खी बहीण करणार नाही एवढं ईनबाईनं केलं. खुशबू तर उठता बसता समजूत घाली, की आई, तुला शुगरचं कुठं माहीत होतं, तू मनाला लावून घेऊ नको, चूक आमची, आम्ही सांगितलं नाही. कुसुमबाईला ते माफ करणं सोसवेना. सगळे तिला एका चुकीची माफी देत होते, आणि तिनं केली होती ती चूक नव्हती. जळाल्याचा वास आल्यावरही हात न उचलणारी बाई कोण होती, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. जेवताना तो वास तिला भाताला येई. ती ताट सरकवून उठे आणि खुशबू म्हणे, आई किती थकली आहे.

एका दुपारी बंटी मिलवर होता आणि खुशबू औषधं आणायला गेली होती. पुस्तकलाबाई पलंगावर उशीला टेकून बसली होती, कुसुमबाई खाली तिचा पाय मांडीवर घेऊन पट्टी सोडत होती. जखम आता लहान झाली होती. तिच्याकडे पाहता पाहता कुसुमबाईचे हात थांबले.

“ईनबाई, एक सांगायचं आहे,” ती म्हणाली. “मले शुगरचं मालूम नोहतं, हे खरं आहे. पण त्या दिवशी मी हात चुकून नाही ठेवला. तुमी ओरडावं म्हणून धरून ठेवला. चार बायांमंदी तुमचं तोंड उतरावं म्हणून. तुमच्या मनात येईल ते बोला मले.”

कुसुमबाईनं मान खाली घातली होती. तिला वाटत होतं, आता हा पाय मांडीवरून निघेल, आता ती आपल्याला घराबाहेर काढेल. काढलं असतं तर तिला हलकंच वाटलं असतं.

“मले दिसत होतं,” पुस्तकलाबाई शेवटी म्हणाली. “मी तुमच्या तोंडाकडेच पाहून राहिली होती. तुमी चिडल्या, त मले मजा आली. पायाले कळत नोहतं, पण नाक त होतं ना मले? जळाल्याचा वास मले बी आला, कुसुमबाई. पाय काढला असता त तुमी जिंकल्या असत्या.” ती थांबली. “माफी-बिफी मी नाही देत. बोटं माझी गेली. पण डॉक्टरणीजवळ तुमचं नाव काऊन घ्यायचं? अर्धं मी केलं.”

कुसुमबाईनं वर पाहिलं. पुस्तकलाबाई रडत होती. एवढं सगळं झालं, दोन बोटं गेली, तरी तिच्या डोळ्यांत पाणी कोणी पाहिलं नव्हतं. मग कुसुमबाईलाही आवरेना. सुटलेली पट्टी मांडीवर तशीच राहिली आणि दोघी एकमेकींकडे न पाहता रडल्या.

तेवढ्यात खुशबू औषधांची पिशवी घेऊन दारात आली. सासूच्या डोळ्यांत पाणी पाहून ती जागीच थबकली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. पुस्तकलाबाईनं पदरानं घाईघाईनं तोंड पुसलं. “काही नाही,” ती म्हणाली. “पट्टी काढताना दुखलं जरा.”

खुशबूचा चेहरा उजळला. नसा परत येत नाहीत हे डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तरी तिची आशा सुटली नव्हती. रोज सकाळी ती सासूच्या अंगठ्याला हात लावून विचारायची, काही कळते का? “दुखलं?” ती म्हणाली. “खरंच दुखलं? म्हणजे पाय जिता होऊन राहिला.” तिनं पिशवी तिथंच टाकली आणि बंटीला कळवायला फोन काढला. पुस्तकलाबाईनं कुसुमबाईकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, राहू द्या अशी.

राहू दिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पोरीला चार दिवस आनंद झाला असता, आईची किंमत तिच्या मनात तशीच राहिली असती, आणि मग एखाद्या दिवशी दवाखान्यात त्या धाग्यानं सगळं परत खोटं ठरवलं असतं. कुसुमबाईला हे दिसत होतं. आपल्या मुलीचा तो उजळलेला चेहराही दिसत होता, आणि तो आपल्याला परत असा पाहायला मिळणार नाही हेही तिला समजत होतं.

“फोन ठेव, बेटा,” ती म्हणाली. “पायाले काही नाही कळलं.”

“मग ह्या काऊन रडून राहिल्या?”

पुस्तकलाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. कुसुमबाईनं मांडीवरचा पाय अलगद उशीवर ठेवला, हात पदराला पुसले आणि मुलीला समोर बसायला सांगितलं. मग मंडईच्या त्या दुपारपासून सगळं सांगायला सुरुवात केली.