आमच्या गावाची मोजणी

आमच्या अंगणवाडीची आणि ग्रामपंचायतीची भिंत एकच आहे. तिकडचं बोलणं इकडं ऐकू येतं. मी, इथली सेविका, आणि आमची मदतनीस कौसाबाई तांदूळ निवडता निवडता ते ऐकत असतो. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कपाटावर धूळ बसावी तसे ते बसत जातात.

*

एकदा शहरातून एक प्राध्यापक गावाचा इतिहास लिहायला आले. पारावर गावातले सगळ्यात म्हातारे रामभाऊ बसले होते.

“निजामाच्या काळात गाव होतं का?”

“व्हतं की.”

“मग निजामाबद्दल घरात काही बोलायचे?”

“माझ्या बापाला निजाम ठाऊक व्हता. निजामाला आमचं गाव ठाऊक नसंल.”

प्राध्यापक चहा पिऊन गेले.

*

जवळच्या शेंद्र्याला कारखाने आले तसं गावात कंपनीची बस यायला लागली. मोजणीसाठी घरोघर माहिती घेत फिरणाऱ्या शाळेच्या गुरुजींनी दत्तूला विचारलं, “व्यवसाय शेती लिहू की नोकरी?”

“नोकरी लिहा. शेती सुट्टीच्या दिवशी.”

“आणि बायको?”

“ती घरीच असती.”

दारातून त्याची बायको म्हणाली, “व्हय, घरीच असते. कापूस चुलीपाशी उगवतो आपला.”

गुरुजींनी लिहिलेलं खोडलं.

*

ज्यांचं बरं चाललं त्यांनी शहरात, पुंडलिकनगरात घरं घेतली. राहिलेल्यांची मुलं व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात. आमचे सरपंच आबा म्हणतात, “गाव लहान नाय झालं. थोडं थोडं सगळीकडं ठेवलंय.” हे म्हणताना ते हसत नाहीत.

*

कौसाबाई मेंढपाळांच्या वस्तीतली. दिवाळी झाली की वस्तीतली घरं पोराबाळांसकट मेंढ्यांमागं निघतात, ती पावसाच्या तोंडी परततात. गुरुजींनी तिच्या सासऱ्यांना विचारलं, “बाबा, मेंढ्या किती?”

“आमच्यात मोजत नायत.”

“मग एखादी हरवली तर कळतं कसं?”

“जी नाय ती दिसती की,” म्हातारा म्हणाला.

कौसाबाई अंगणवाडीत पोरांकडं तशीच बघते. एकदा नजर फिरवते आणि सांगते, “ताई, आज गंगी नाय.”

*

मागच्या हिवाळ्यात सुपरवायझर मॅडम आल्या तेव्हा वस्ती गेलेली होती. खोली रिकामी. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पुढच्या भेटीतही मुलं नसली तर ही अंगणवाडी शेजारच्या गावाला जोडावी लागेल.”

कौसाबाईचा नवरा वारलेला. घर तिच्या या कामावर चालतं. शिवाय शेजारचं गाव हायवेच्या पलीकडं, वस्तीतली बारकी पोरं तिकडं कशी जाणार?

आबांनी पुंडलिकनगरला फोन लावले. भेटीचा दिवस आला तरी वस्ती परतली नव्हती. सकाळीच गाड्या आल्या. गावच्या लोकांची शहरातली नातवंडं बूट-मोजे घालून सतरंजीवर ओळीनं बसली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कौसाबाई आत खिचडीजवळ होती. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

मॅडम खूश झाल्या. कौसाबाई पातेलं घेऊन बाहेर आली तशी त्यांनी सहज विचारलं, “काय कौसाबाई, आज सगळे आले?”

कौसाबाईनं सवयीनं नजर फिरवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“नाय मॅडम. गंगी नाय. भिवा नाय. साळूचं धाकटं नाय. ठकूच्या जुळ्या नायत...”

ती नावं घेत राहिली. दारात उभ्या आबांनी मान खाली घातली. मॅडमचा पेन हातातच राहिला.

“मग ही कोण?”

“ही पाव्हणी हायेत,” कौसाबाई म्हणाली आणि पहिल्या ताटलीत खिचडी वाढली. “गावाला आलीत, उपाशी कशी धाडायची?”

मॅडमनी पेन पर्समध्ये ठेवला. मग चप्पल काढून ओळीच्या शेवटी बसल्या. “मलाही वाढा.”

“बसा की. पण मोजायचं असंल तर पावसाच्या तोंडी या, मॅडम. तवा आपली सगळी घरी असत्यात.”