रिकाम्या ट्रॉल्या

कळवणची हर्षाली निकम नाशिकला प्रोग्रामर आहे. विंचूरजवळ बहिरूभाऊंच्या कांद्याच्या खळ्यावर तिने कांदा उतरवायला आलेल्या ट्रॉल्यांचे नंबर पुकारणारा बोर्ड बसवला. तो रोज दुपारी अडकायचा.

"मॅडम, जेवणं झाली की तुमचा बोर्ड झोपतोय," भाऊ म्हणाले.

मेमरीतली नको असलेली माहिती प्रोग्राम आपोआप झाडून टाकतो. पण कुणी धरून ठेवलेल्या माहितीला हात लावत नाही. हर्षालीने शोधलं, तर सकाळपासून रिकाम्या झालेल्या सगळ्या ट्रॉल्या मेमरीत उभ्याच; दुपारपर्यंत मेमरी भरायची आणि बोर्ड अडकायचा! पुकारा ऐका, असं त्यांना सांगितलं होतं; आता पुरे, असं कुणीच सांगितलं नव्हतं. ती एकटीच खो खो हसली आणि तेवढी ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड संध्याकाळपर्यंत चालला. भाऊंनी फोनवर विचारलं, "काय केलं हो?"

"ट्रॉल्यांना घरी पाठवलं!"