कानात सांगितलेला सिनेमा

उस्मानपुऱ्यातलं ते थिएटर पाडून आता तिथं दुकानं झाली आहेत. एका स्थानिक वर्तमानपत्रासाठी सिनेमाची परीक्षणं लिहायला मी तिथं जायचो.

एकदा दुपारच्या खेळाला शेजारी एक अंध गृहस्थ बसले होते. धोतर, मांडीवर टोपी. पलीकडं त्यांची बायको, त्यांच्या कानाशी लागून पडद्यावरचं सगळं सांगत होती.

“तिनं पत्र फाडलं. आता मारामारी चाललीय, संपली की सांगते.”

मी दोनदा घसा खाकरला. उपयोग झाला नाही.

मध्यंतरात बाई चहा आणायला गेल्या. ते माझ्याकडं वळले. “फुलंब्रीहून आलोत आमी. तुमाला तरास होत असंल.”

मी ओशाळलो. “नाही, नाही. कसा वाटतोय सिनेमा?”

“अजून तरी बेताचाच. लई चांगला असला की ही सांगायचं इसरती.”

पुढचा भागही मला सुमारच वाटला. शेवटाकडं म्हातारी आई मुलाच्या दारातून हाक न मारताच परत फिरली, आणि शेजारची कुजबुज थांबली. बाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. गृहस्थांना काही कळत नसेल, म्हणून मी हळूच सांगू लागलो, “ती आई आता...”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं. चेहरा बायकोकडं वळला होता, आणि ते समाधानानं हसत होते.

परीक्षणात मी सिनेमाला सुमारच म्हटलं. फक्त त्या वाक्यात, पहिल्यांदाच, ‘मला वाटला’ असं लिहिलं.