बहिऱ्याची तालीम

देव थकलेल्याचा भार उचलतो म्हणतात. त्या दिवाळीत मला ते काही पटत नव्हतं. साकोलीकडच्या एका गावात मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेनिमित्त, आमच्या मंडळाचं संगीत नाटक होतं आणि भर दुपारी मी माईकांची तालीम लावून बसलो होतो. मंडळाचा आवाज वर्षानुवर्षं मीच सांभाळत आलो. पण दोन वर्षांपासून माझा उजवा कान गेला होता आणि डाव्यालाही बारीक सूर ऐकू येत नव्हते. कुणाला बोललो नव्हतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मारुतीपुढे मात्र रोज रडायचो, की बाबा, एवढी जागा माझ्याकडून काढून घेऊ नको.

आमच्याकडे माईक रंगमंचावर दोरीनं वरून टांगतात आणि नट त्याखाली येऊन गातो. त्या दिवशी माईक नवे होते. नायिकेचं काम करणाऱ्या बाईंनी पद सुरू केलं, वरचा सूर लावला आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मला काही कळेना. मी आपला बटणं फिरवत राहिलो, तीही उलटीच. तीनदा तेच झालं. अंगात त्राण उरलं नव्हतं. वाटलं, वायरी गुंडाळाव्या आणि घरी जाऊन पडावं.

तेवढ्यात स्पीकरजवळ बसलेली एक म्हातारी उठून आली. नाकाडोंगरीहून लेकीकडे मंडईला आलेली, माझी ओळख ना पाळख.

"काहो भाऊ, एवढी शिट्टी वाजून राहिली, तुमाले आयकू नाही ये का?"

जेवलास का विचारावं, तितक्या साधेपणानं तिनं विचारलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "नाही ये, माय."

"मंग मी हात वर करीन ना!"

आणि ती खरंच समोर बसली. शिट्टी आली की हात वर, थांबली की खाली. अर्ध्या तासात माईक ताळ्यावर आले. मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. मी गाणाऱ्या बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "बाई, मले आयकू येत नाही. आता दुसरा मानूस पहा."

बाई हसल्या. "आमाले माहीत हाये, भाऊ. म्हणून तं दोन वर्षांपासून शिट्टी येऊ नये म्हणून वरच्या सुराले मी माईकखालून एक पाऊल मागं सरतो. हा नवा माईक मागूनबी पकडते, म्हणून आज ते जमलं नाही. तुमी सांगत नव्हते, म्हणून आमीबी बोललो नाही."

मी तिथंच खाली बसून रडलो. जी जागा मी मुठीत घट्ट धरून ठेवली आहे असं समजत होतो, ती दुसरंच कुणीतरी मागे सरून माझ्यासाठी राखत होतं. ही कृपा नाही तर काय म्हणू? मूठ उघडायला मात्र एका अनोळखी माउलीला यावं लागलं. त्या रात्रीच्या प्रयोगात मी बटणांवरची नजर काढून पहिल्यांदा माणसांकडे पाहिलं. तबलजी, पेटीवाला, विंगेतला प्रॉम्प्टर, शिट्टी आली की जो तो आता त्या माउलीसारखाच माझ्यासाठी हात वर करत होता.